आधी उघडून तरी बघा

मागच्या सत्रात आमच्या हाऊसमधल्या सहावीच्या एका कॅडेटने मासे पकडायचे मोडलेले रीळ अकरा दिवस लपवून ठेवले होते. पेटीच्या तळाशी, पीटीच्या मोज्यात गुंडाळून. शनिवारच्या तपासणीत ते मला सापडले. त्या डॉर्मची जबाबदारी माझ्याकडे होती. मी त्याला सगळ्यांसमोर उभे केले, आवाज चढवला आणि रविवारचे तलावावर जाणे बंद केले. तो एवढेच म्हणाला, "सर, मी मोडलं नाही. ते आपोआप अडकलं."

आपोआप काही अडकत नाही, असे मी त्याला ऐकवले. ते वाक्य बरोबर होते. पण ते मी चुकीच्या माणसाला ऐकवले, आणि हा लेख त्यासाठीच लिहितो आहे.

ज्यांना आमचा अँगलिंग क्लब माहीत नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. शाळेमागच्या तलावात रोहू, कटला आणि भरपूर चिलापी आहे. क्लबच्या पैशातून दोन वर्षांपूर्वी एकाच बनावटीची तीन रिळे घेतली होती, चारशे-साडेचारशे रुपयांची. वीस-बावीस मुले ती आळीपाळीने वापरतात. गावी आमचे आज्जा बांबूच्या काठीला तंगूस आणि गळ बांधून नदीवर बसतात. त्यांच्याकडे रीळच नाही, त्यामुळे मोडायचा प्रश्नही नाही! पण काठावरून लांब गळ टाकायचा तर रीळ लागते.

त्या रात्री प्रेपनंतर ते रीळ घेऊन मी वेपन ट्रेनिंगच्या उस्तादांकडे गेलो. खरे तर नवीन रीळ मागण्याचा अर्ज लिहायचा होता. उस्ताद म्हणाले, "खोलके देखा?" मी म्हणालो, नाही. एनसीसीत पॉइंट टू-टू रायफलचे खोलना-जोडना आम्ही किती वेळा केले आहे. भाग ज्या क्रमाने निघतील त्या क्रमाने डावीकडून उजवीकडे मांडायचे आणि उलट क्रमाने बसवायचे. पण चारशे रुपयांच्या वस्तूला तीच पद्धत लावावी, हे माझ्या डोक्यात आले नव्हते.

आम्ही पांढरा टॉवेल पसरला. रिळाच्या टोकावर जी गोल चावी असते (तिला ड्रॅग म्हणतात, मासा जोरात ओढू लागला की तंगूस तुटू न देता थोडे थोडे सोडणारा हा ब्रेक) ती फिरवून काढली. तंगूस गुंडाळलेली फिरकी उचलली. खाली मधल्या दांड्याभोवती तंगुसाचे सात-आठ वेढे घट्ट बसलेले होते. दातेरी चाके, स्प्रिंग, हँडल सगळे शाबूत होते. वेढे सोडवले, वाळू पुसली, चाकांना थोडे ग्रीस लावले. रीळ फिरू लागले. दहा मिनिटेसुद्धा लागली नसतील.

मग उस्तादांनी विचारले, तंगूस खाली गेलेच कसे? याचे उत्तर मला दोन दिवसांनी तलावावर मिळाले. त्या रिळात हँडलच्या एका फेरीला तंगूस गुंडाळणारी कमानीसारखी तार फिरकीभोवती सुमारे पाच वेळा फिरते. ड्रॅग फार सैल असेल आणि गळ कुठे अडकला असेल तर हँडल फिरते, तारही फिरते, पण तंगूस आत येत नाही. प्रत्येक फेरीला तंगुसाला नुसते पाच पीळ पडतात. वीस वेळा हँडल मारले की शंभर पीळ. असे पिळलेले तंगूस सैल सुटले की त्याचे वेटोळे होतात. एखादे वेटोळे फिरकीखाली घसरते आणि रीळ जाम होते. लहान मुलाला वाटते जोर कमी पडला, म्हणून तो आणखी जोर लावतो.

त्या मुलाला ड्रॅग किती घट्ट ठेवायचा हे कोणीच सांगितले नव्हते. क्लबमध्ये नवीन मुलांना शिकवायचे काम दहावीचे, म्हणजे माझे. मी त्याच्या हातात काठी दिली आणि स्वतः सावलीत जाऊन बसलो होतो.

माझे म्हणणे असे आहे. मोडलेल्या वस्तूबद्दल आपण सर्वात आधी "कोणी मोडली?" असे विचारतो. तो प्रश्न नंतर विचारावा. आधी वस्तू उघडावी, ती कशी मोडली हे बघावे, आणि ज्याच्या हातात ती मोडली त्याला शेजारी बसवून बघावे. त्याला आधीच शिक्षा केली तर पुढच्या वेळी वस्तू पेटीच्या तळाशी जाते. सैन्यात दुरुस्तीसाठी ईएमई ही स्वतंत्र कोअर आहे, १५ ऑक्टोबर १९४३ पासूनची. गाडी बंद पडली तर चालकाने ती झुडपात लपवावी अशी तिथे कोणाचीच अपेक्षा नसते. बिघाड कळवला तरच वर्कशॉपचा उपयोग.

यावर माझ्याच वर्गातले काही जण म्हणतात की अशाने ज्युनियर बेफिकीर होतील, मुद्दाम मोडतील. मुद्दाम मोडणाऱ्याला शिक्षा व्हावी, याला माझी ना नाही. पण मुद्दाम मोडले की नाही हे उघडल्यावरच कळते. क्लबच्या तिसऱ्या रिळाचे मुख्य दातेरी चाक पूर्ण झिजले आहे. ते कोणी मुद्दाम केले नाही, आम्ही सगळ्यांनी मिळून केले. गळ पाण्यातल्या बुंध्यात अडकला की आम्ही हँडल रहाटासारखे फिरवायचो. तसे करायचे नसते. काठी सरळ बुंध्याच्या दिशेने धरून, फिरकी हाताने दाबून, मागे चालत जायचे. मासासुद्धा काठीने ओढायचा असतो. काठी वर घ्यायची, खाली आणताना सैल झालेले तंगूस गुंडाळायचे. स्वस्त रिळाचे चाक मऊ धातूचे असते, ते आमच्या अडाणीपणाला दोन वर्षे पुरले हेच खूप.

एक आई-वडिलांसाठी. सुट्टीत मुलाचे रीळ मोडले की "स्वस्तातलं होतं, दुसरं घेऊ" असे घरी म्हणतात. स्वस्त वस्तू लवकर मोडते, हे खरेच. सुटे भागही मिळत नाहीत. पण म्हणूनच ती उघडायला भीती वाटत नाही. महागडे रीळ माझ्या हातात स्क्रू ड्रायव्हरसकट कोणी दिले असते?

सध्या दोन रिळे चालू आहेत. दुसऱ्याची कमान मिटवणारी स्प्रिंग तुटली होती, ती झिजलेल्या तिसऱ्यातून काढून बसवली. उरलेले भाग बिस्किटांच्या डब्यात आहेत. डब्यासोबत एक वही आहे, तिच्यात तारीख, काय बिघडले आणि का, एवढेच लिहायचे. नावाचा रकाना ठेवलेला नाही. पहिली नोंद त्या सहावीच्या कॅडेटने केली. 'का' या रकान्यात त्याने "ड्रॅग सैल" असे लिहिले होते. त्याखाली मी "शिकवले नव्हते" असे जोडले. त्याची माफी मी डॉर्ममध्ये, सगळ्यांसमोरच मागितली, कारण ओरडलोही तिथेच होतो. तो "इट्स ओके, सर" म्हणाला आणि विचारले की रविवारी गांडुळे कोण आणणार.