सर्वात आधी कापला जाणारा तास

निकाल वाढवायचा ठरला की शाळेत पहिली कुऱ्हाड पडते ती चित्रकला, गाणे आणि कार्यानुभवाच्या तासावर. हा तास गणिताला दिला म्हणून एकही पालक तक्रार घेऊन येत नाही. शिरूर आणि दौंड तालुक्यांना ही कपात परवडणारी नाही, कारण इथल्या वर्गांत दरवर्षी बाहेरगावची मुले येऊन बसतात. रांजणगाव, सणसवाडी, शिक्रापूरच्या कारखान्यांमागे मराठवाड्यातून, बिहारमधून आलेली कुटुंबे एकेका खोलीत संसार मांडतात. भीमा-घोडच्या काठी ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. शिक्षण हक्क कायद्यामुळे वर्षाच्या मध्यातही या मुलांना प्रवेश नाकारता येत नाही. नाव पटावर चढते, पण मूल वर्गाचे होत नाही.

ऊसतोडीच्या कोपीतून, म्हणजे झोपडीतून, आलेले पोर मागच्या रांगेत बसते. त्याच्या बोलीला वर्ग हसतो, म्हणून ते तोंड उघडत नाही. वाचताना अडखळते, पाढे अर्धवट. त्याच पोराला कोरा कागद आणि खडू द्या. ते टायरगाडी काढेल : जू, साटी, उसाच्या मोळ्यांची चळत, मोळ्यांवर बसलेली आई आणि चढावर मान ताणलेले बैल. शेजारचा मुलगा वाकून बघतो आणि विचारतो, ‘शिंगं कशी काढलीस रे?’ त्या वर्गात त्याला काहीतरी येते, हे पहिल्यांदाच कुणाच्या तरी लक्षात आलेले असते. हा तास गेला, तर हा प्रश्न विचारला जाण्याची वेळच येत नाही.

बाहेर ठेवलेल्याला कलेतून जागा मिळणे या मातीला नवे नाही. केंदूर हे संत कान्होराज पाठकांचे गाव. वारकरी परंपरा त्यांना ज्ञानेश्वरांचे समकालीन मानते. त्या काळात ज्ञानेश्वरांसह आळंदीच्या चार भावंडांना ‘संन्याशाची पोरे’ म्हणून गावाने वाळीत टाकले होते. त्यांना जागा मिळाली ती शब्दातून, कीर्तनातून. शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी झाली, आणि ज्यांना पंगतीत स्थान नव्हते त्यांच्या पालखीमागे आज लाखो माणसे चालतात.

केंदूरच्या शेजारी, पाबळमध्ये, हेच काम हातांनी झाले. डॉ. श्रीनाथ कलबाग मुंबईतली संशोधनाची नोकरी सोडून या दुष्काळी पट्ट्यात आले आणि १९८३ मध्ये त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेने ‘नापास’ म्हणून बाहेर काढलेली मुले तिथे वेल्डिंग करू लागली, विजेची जोडणी शिकली, घुमटाकार घरे बांधू लागली. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या पुढाकाराने तिथे फॅब लॅब ही वस्तू घडवण्याची कार्यशाळा उभी राहिली. ज्याला भूमितीचा पेपर सुटला नव्हता, त्याने घुमटाचे त्रिकोण जुळवले. आम्हाला वाटते, तालुक्यातल्या प्रत्येक मुख्याध्यापकाने एक दिवस काढून हे बघून यावे.

आणि तरीही शिक्षण हक्क कायदा काय म्हणतो? कला, आरोग्य आणि कार्यशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक द्यायचे ते सहावी ते आठवीच्या शाळेत, तेही मुले शंभराच्या वर असतील तर. पहिली ते पाचवीसाठी ती तरतूदच नाही. म्हणजे वाड्यावस्त्यांवरच्या ज्या छोट्या शाळांत टोळीतली पोरे येतात, नेमक्या त्याच शाळा कोरड्या राहतात. दोन शिक्षक चार वर्ग सांभाळतात, वर पोषण आहाराच्या नोंदी आणि ऑनलाइन माहिती भरणे. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. दोष संख्येचा निकष लावणाऱ्यांचा आहे.

येत्या हंगामात कारखान्यांचे बॉयलर पेटण्याआधी जिल्हा परिषदेने दोन गोष्टी कराव्यात. तीन-चार वाड्यांच्या शाळांना मिळून एक कला-कार्यानुभव निदेशक द्यावा, पट कितीही असो. आणि वेळापत्रकातला हा तास दुसऱ्या विषयाला देण्यावर केंद्रप्रमुखांनी लेखी बंदी घालावी. निदेशकांच्या प्रशिक्षणासाठी पाबळ जवळच आहे. खडू आणि कागदाचा खर्च ग्रामपंचायतीलाही झेपेल.