स्वादुपिंडाचा उज्र

रोजा कोणावर फर्ज होतो? बालिग माणसावर. आणि बालिग कोण, हे फिकहच्या किताबांत पाहिले तर तिथे वर्षे मोजण्याआधी शरीराच्या खुणा पाहायला सांगितल्या आहेत. मुलीला पाळी आली, मुलाला एहतिलाम झाला, की ते बालिग. या खुणा दिसल्याच नाहीत तर मग वय पाहायचे, बहुतेक उलेमांच्या मते पंधरा वर्षे. म्हणजे एकाच वर्गात, एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मैत्रिणींपैकी एकीवर रोजा फर्ज असतो आणि दुसरीवर अजून नसतो. हा फरक कोण करते? मेंदूच्या तळाशी असलेली, मटाराच्या दाण्याएवढी पियूषिका ग्रंथी. एके दिवशी तिच्याकडून बीजांडकोशांना किंवा वृषणांना संदेश जातो आणि बालपण संपायला लागते. शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख ती विचारत नाही.

पुढेही तेच. पाळीच्या दिवसांत बाईने रोजा ठेवायचाच नाही, नंतर कजा करायची. गरोदरपणात किंवा अंगावर दूध पाजताना जिवाला किंवा बाळाला धोका वाटला तर सवलत. ही सगळी संप्रेरकांचीच राज्ये आहेत. इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन, प्रोलॅक्टिन ही नावे त्या काळी कुणाला ठाऊक नव्हती, पण शरीर आपल्या इच्छेवर चालत नाही, त्याचे स्वतःचे वेळापत्रक असते आणि इबादतीने त्याची दखल घ्यायची असते, हे शरियतने तेव्हाच मान्य केलेले आहे. फिकहमध्ये याला शब्द आहे उज्र. उज्र म्हणजे बहाणा नव्हे. उज्र म्हणजे मान्य झालेले कारण.

माझा प्रश्न एवढाच आहे की पियूषिकेचा उज्र आपण मानतो, बीजांडकोशांचा मानतो, मग स्वादुपिंडाचा मानताना आपल्याला इतके जड का जाते?

मी भाषेची शिक्षिका, विज्ञानाची नव्हे. पण दोन भाषांत शिकवत असल्यामुळे शब्द माझ्याकडे येतात. मराठी पुस्तकात ज्याला स्वादुपिंड म्हणतात त्याला उर्दूत लबलबा म्हणतात. लबलबा ऐकून वर्ग हसतो, स्वादुपिंड ऐकून कोड्यात पडतो. ग्रंथी म्हणजे गुदूद. घरी मात्र यातला एकही शब्द कुणी वापरत नाही. घरी म्हणतात, “अम्मीला शुगर आहे.” जणू शुगर फक्त अम्मीलाच आहे, बाकीच्यांच्या रक्तात नाही. साखर सगळ्यांच्याच रक्तात असते, आणि असते तरी किती? मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त. उपाशीपोटी त्या सगळ्या रक्तात मिळून साधारण पाच ग्रॅम साखर, म्हणजे चहाचा एक चमचा. हा एक चमचा फार वाढू द्यायचा नाही आणि फार कमी होऊ द्यायचा नाही, हे काम रात्रंदिवस चालते, आणि त्याची मुख्य जबाबदारी पोटामागे दडलेल्या या लबलब्यावर आहे.

निरोगी माणसाचा रोजा या दृष्टीने पाहिला तर थक्क व्हायला होते. सहेरीत भाकरी-सालन खाल्ले की साखर वर चढते. स्वादुपिंड इन्सुलिन सोडते. ते साखरेला स्नायूंत आणि यकृतात नेऊन ठेवते. चार-पाच तासांनी हा ओघ आटतो. मग इन्सुलिन मागे सरते आणि त्याच स्वादुपिंडातून ग्लुकागॉन नावाचे दुसरे संप्रेरक पुढे येते. त्याचे काम नेमके उलटे. ते यकृताला म्हणते, ठेवलेले बाहेर काढ. यकृताकडे ऐंशी ते शंभर ग्रॅमचा साठा असतो आणि एकटा मेंदूच दिवसाला सुमारे एकशेवीस ग्रॅम साखर वापरतो, तेव्हा हा साठा फार काळ पुरणारा नाही हे कुणालाही कळेल. दुपार कलते तसे यकृत इतर पदार्थांपासून नवी साखर घडवू लागते, स्नायू चरबीवर भागवतात. अधिवृक्क ग्रंथीचे कॉर्टिसॉल या कामात हातभार लावते. पाण्याचे खाते वेगळे. अंगातले पाणी कमी झाले की पियूषिकेतून व्हॅसोप्रेसिन सुटते, ते मूत्रपिंडांना पाणी राखायला सांगते, आणि अस्रच्या वेळी लघवी गडद पिवळी होते. आपल्याकडे ऋतूप्रमाणे रोजा साडेबारा ते साडेचौदा तासांचा. तेवढा वेळ ही सगळी मंडळी एकमेकांना सांभाळून घेतात. मगरिबची अजान होईपर्यंत आपल्याला फक्त भूक आणि तहान जाणवते, आतली धावपळ जाणवत नाही.

आता हेच चित्र टाइप 1 मधुमेह असलेल्या मुलीच्या शरीरात पाहू. तिच्या स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी तिच्याच प्रतिकारशक्तीने नष्ट केलेल्या असतात. इन्सुलिन येते ते सुईतून. स्वादुपिंडाचे इन्सुलिन साखर उतरली की आपोआप थांबते. सुईतून गेलेले इन्सुलिन थांबत नाही, साखर खाली आली तरी ते आपले काम करतच राहते. वर्षानुवर्षे आजार असलेल्यांत ग्लुकागॉनही वेळेवर धावून येत नाही. आणि भीतीपोटी तिने इन्सुलिनच घेतले नाही तर साखर रक्तात साठते, पेशी उपाशी राहतात, शरीर चरबी जाळून आम्ल तयार करते आणि माणूस थेट अतिदक्षता विभागात पोहोचतो. दोन्हीकडून दरी.

टाइप 2 वाल्यांची गोष्ट एकसारखी नाही. नुसत्या मेटफॉर्मिनवर असलेल्यांपैकी पुष्कळांना डॉक्टरांच्या सल्ल्याने रोजे झेपतात, कारण ते औषध सहसा साखर फार खाली नेत नाही. पण ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला भाग पाडतात, पोटात अन्न असो वा नसो. सकाळी नाश्त्यासोबत घ्यायची तीच गोळी सहेरीला तशीच घेतली तर दुपारी चार वाजता काय होईल, याचा हिशेब डॉक्टरांनी मांडायचा असतो. आपल्याकडे तो शेजारची भाभी मांडते.

आणि मग चार वाजता घाम फुटतो, हात थरथरतात, छाती धडधडते. हे अॅड्रिनलिन आहे. साखर घसरली म्हणून अधिवृक्क ग्रंथीने वाजवलेली घंटा. घरातले म्हणतात, “रोजा लागला आहे, जरा पडून राहा.” पडून राहिलेल्या माणसाची पुढची पायरी म्हणजे बरळणे, आणि त्यापुढची बेशुद्धी.

हे प्रमाण किरकोळ नाही. 2001 मध्ये 13 देशांतल्या बारा हजारांहून अधिक मुस्लिम मधुमेहींची एक मोठी पाहणी झाली, ‘एपिडायर’ नावाने ती ओळखली जाते. टाइप 1 असलेल्यांपैकी 43 टक्के आणि टाइप 2 असलेल्यांपैकी 79 टक्के लोकांनी रमजानमध्ये किमान पंधरा रोजे ठेवले होते. साखर धोकादायकरीत्या खाली जाण्याचे प्रसंग इतर महिन्यांच्या तुलनेत टाइप 1 मध्ये 4.7 पट आणि टाइप 2 मध्ये 7.5 पट वाढले होते. आपल्या देशात मधुमेही किती? आयसीएमआरच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज 10 कोटी 10 लाख. त्यात आपली वस्ती, आपली मशीद, आपले घर आलेच.

दीन याबद्दल काय सांगतो, हे तर अगदीच स्पष्ट आहे. सूरह बकरमध्ये जिथे रोजे फर्ज केले, तिथेच आजारी आणि मुसाफिराला सवलत दिली, आणि एकदा नव्हे, 184 आणि 185 अशा लागोपाठच्या दोन आयतींत. बरे झाल्यावर कजा करा. बरे होण्याची आशाच नसेल तर फिदया, एका रोज्यामागे एका गरिबाला जेवू घाला. अबू दाऊदमध्ये एक हदीस आहे, ती मला प्रत्येक रमजानात आठवते. एका सहाबीच्या डोक्याला दगड लागून जखम झाली होती. त्यांच्यावर गुस्ल वाजिब झाले. तयम्मुम चालेल का, असे त्यांनी सोबत्यांना विचारले. सोबती म्हणाले, पाणी असताना सवलत नाही. त्यांनी अंघोळ केली आणि त्यात ते गेले. ही बातमी नबी करीम सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांच्यापर्यंत पोहोचली तेव्हा त्यांनी मृताच्या तकव्याची तारीफ केली नाही. चुकीचा मसला सांगणाऱ्यांनीच त्याचा जीव घेतला, अशा शब्दांत ते रागावले, आणि माहीत नसेल तर विचारायचे असते, असे त्यांनी बजावले.

आजच्या उलेमांनीही विचारलेल्याचे उत्तर दिलेले आहे. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने 2009 मध्ये शारजाहच्या बैठकीत डॉक्टरांशी मसलत करून मधुमेहींचे धोक्याप्रमाणे चार गट मानले. पहिल्या दोन, म्हणजे जास्त धोक्याच्या गटांनी रोजा ठेवू नये असा निर्णय दिला. ठेवला नाही तरी चालेल असा नव्हे, ठेवू नये असा. इन्सुलिनच्या सुईने किंवा बोट टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, हेही बहुतेक उलेमा सांगतात. तरी आमच्याकडे ग्लुकोमीटर रमजानभर कपाटात असतो. रक्त निघाले की रोजा गेला, ही समजूत कुणी पसरवली कोण जाणे.

मग अडते कुठे? माझ्या मते अडते ते लाजेत. बाई पाळीच्या दिवसांत घरच्या पुरुषांसमोर जेवत नाही. सहेरीला सगळ्यांसोबत उठून बसते, दिवसा स्वयंपाकघरात दाराआड उभ्याने दोन घास खाते आणि इफ्तारला पुन्हा सगळ्यांबरोबर खजूर उचलते. ज्या दिवसांत रोजा ठेवणेच मना आहे त्या दिवसांतही तिला रोजेदार दिसावे लागते. ही सवय पिढ्यान्पिढ्यांची. आता ती मधुमेहींना लागली आहे. “इतकी वर्षे एकही रोजा सोडला नाही,” हे वाक्य आपल्याकडे प्रमाणपत्रासारखे दाखवले जाते, आणि साठीच्या माणसाला ते प्रमाणपत्र फाटू द्यायचे नसते. पुरुषांत हे जास्त आहे. बायका निदान लपून खातात तरी.

माझ्या शाळेत टाइप 1 असलेली एक मुलगी होती, नववीतली. रमजानात मधल्या सुट्टीत ती डबा खायला माझ्याकडे शिक्षकखोलीत यायची, कारण वर्गात मुली विचारायच्या, “तू रोजा क्यूं नहीं रखती? बडी हो गई ना?” एकदा ती म्हणाली, “मॅडम, पाळी आहे असं सांगितलं तर त्या गप्प बसतात. पण महिनाभर कसं सांगू?” तिला पाळीचा उज्र सांगता येत होता, कारण तो सगळ्यांना पाठ आहे. स्वादुपिंडाचा उज्र सांगायला तिच्याकडे वाक्यच नव्हते.

गंमत अशी की तिच्यासारख्या मुलांसाठी एकेकाळी उपास हाच एकमेव इलाज होता. इन्सुलिन हाती येण्याआधी डॉक्टर अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवत, त्याने मरण काही महिने लांबे. 11 जानेवारी 1922 रोजी टोरंटोत लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या, हाडांचा सापळा उरलेल्या मुलाला पहिली सुई दिली गेली. औषध पुरेसे शुद्ध नव्हते. ते आणखी शुद्ध करून 23 जानेवारीला पुन्हा दिले आणि त्याची साखर उतरली. पुढच्याच वर्षी बँटिंग आणि मॅक्लिऑड यांना नोबेल मिळाले. त्या मुलांना उपासातून सोडवायला इतकी खटपट झाली, आणि आपण शंभर वर्षांनी एका मुलीला वर्गात विचारतो की तू उपाशी का नाहीस.

थायरॉइडच्या गोळीबद्दलही दोन शब्द. ती रिकाम्या पोटी घ्यायची असल्याने “रमजानभर राहू दे” असे पुष्कळ बायका ठरवून टाकतात. एक दिवस चुकला तर काही जाणवत नाही, कारण औषध अंगात बरेच दिवस टिकते. महिनाभर चुकले की ईदनंतर अंग जड, केस गळती, आणि दोष मात्र रोज्यांना. सहेरीच्या आधी किंवा रात्री पोट रिकामे झाल्यावर घेता येते, डॉक्टरांना विचारले की वेळ बदलून देतात. जे दीर्घकाळ स्टेरॉइडच्या गोळ्यांवर आहेत त्यांनी तर एकही दिवस मनाने बंद करू नये. त्यांची अधिवृक्क ग्रंथी झोपलेली असते, आणि ती एका दिवसात जागी होत नाही.

रजब-शाबानमध्ये, रमजानला सहा-आठ आठवडे असताना डॉक्टरांकडे जायला हवे, हे मशिदीतून सांगितले गेले तर फार फरक पडेल. शाबानच्या एका जुम्म्याच्या बयानात दहा मिनिटे. जकातीचा निसाब दरवर्षी सांगतात, सदका-ए-फित्रची रक्कम फळ्यावर लिहितात, तशाच फिदयाच्या रकमेखाली दोन ओळी लिहायला काय हरकत आहे? साखर 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेली तर रोजा त्याच क्षणी सोडावा. उज्रामुळे सोडला तर कफ्फारा नाही, फक्त कजा. आणि साखर उतरली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून घ्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, मग घड्याळात मगरिबला वीसच मिनिटे उरलेली असोत.