करंगळीची गोष्ट

ऑफिसचा लॅपटॉप मॅक, आणि घरच्या टेबलावर हौसेनं घेतलेला विंडोजवाला मेकॅनिकल कीबोर्ड. पहिल्याच दिवशी कॉपी-पेस्ट करताना बोटं अडखळायला लागली. कारण साधं आहे. मॅकच्या कीबोर्डवर स्पेसबारला लागून कमांड असते. विंडोजच्या कीबोर्डवर त्या जागी ऑल्ट, आणि मॅक तिला ऑप्शन समजतो. कमांडचं काम करते खिडकीचं चित्र असलेली की, आणि ती एक घर लांब. म्हणजे अंगठा दिवसभर शेजाऱ्याचं दार वाजवणार!

उपाय मॅकमध्येच आहे. सिस्टम सेटिंग्ज, कीबोर्ड, कीबोर्ड शॉर्टकट्स, तिथे मॉडिफायर कीज. आपला कीबोर्ड निवडायचा, ऑप्शन आणि कमांडची अदलाबदल करायची, झालं. प्रत्येक कीबोर्डची सेटिंग वेगळी राहते, त्यामुळे लॅपटॉपच्या कीज जागच्या जागी.

तिथेच मी कॅप्स लॉकचीही कंट्रोल करून टाकली. खरं सांगा, शेवटचं कॅप्स लॉक मुद्दाम कधी दाबलंत? बिल जॉयनं १९७६ च्या सुमारास ज्या एडीएम-३ए टर्मिनलवर व्हीआय लिहिला, त्यावर कंट्रोल आजच्या कॅप्स लॉकच्याच जागी होती. खालच्या कोपऱ्यातली कंट्रोल गाठून गाठून माझी डावी करंगळी संध्याकाळी ठणकायची. आता नाही ठणकत.

इथवर बहुतेकांना पटेल. माझं भांडण पुढच्या पायरीशी आहे. एकदा चटक लागली की माणूस काराबिनर-एलिमेंट्सकडे वळतो. वाईट नाही ते. ओपन सोर्स आहे, फुकट आहे, मीही वापरलंय. पण असं कुठलंही सॉफ्टवेअर चालतं म्हणजे तुम्ही दाबलेली प्रत्येक की, पासवर्डसकट, आधी त्याच्या हातातून जाते. मॅक परवानगी मागतो तो उगाच नाही. घरच्या मशीनवर काय ते तुमचं तुम्ही ठरवा. क्लायंटचा डेटा असलेल्या मशीनवर मात्र तो निर्णय आपला एकट्याचा नसतो. फारच हौस असेल तर क्यूएमके चालणारा कीबोर्ड घ्या. त्यात बदल कीबोर्डच्याच चिपमध्ये साठतात, कॉम्प्युटरवर काही टाकावं लागत नाही.

आणि हात आखडता ठेवा. मी एकेकाळी डझनभर कीज बदलल्या होत्या. मग सहकाऱ्याच्या मशीनवर, घाईच्या वेळी, कंट्रोल समजून कॅप्स लॉक दाबलं आणि व्हीआयमध्ये खाली जायला जे दाबत राहिलो. मोठा जे ओळी एकमेकींना जोडतो. कॉन्फिग फाइलची पार खिचडी! सेव्ह केली नव्हती म्हणून वाचलो.

तेव्हापासून दोनच बदल ठेवलेत: अंगठ्यासाठी एक, करंगळीसाठी एक. बाकी कीज जिथे आहेत तिथे सुखात राहोत. आज रविवार आहे, दोन मिनिटं काढा. करंगळी दुवा देईल.