मुद्दलाला हात न लावण्याचा ठराव

अमेरिकेतील केंटकी राज्यात बेरिया नावाचे एक निवासी महाविद्यालय आहे. आर्थिकदृष्ट्या बेताच्या घरांतील मुलामुलींनाच तेथे प्रवेश मिळतो, १८९२ पासून शिकवणीचे शुल्क घेतले जात नाही आणि प्रत्येक विद्यार्थ्याला आठवड्याला किमान दहा तास काम करावे लागते. फी नाही म्हणजे हक्काचे उत्पन्न नाही. अशा संस्था दात्यांच्या मर्जीवर जगतात आणि एखाद्या मंदीत मिटतात. बेरिया मिटले नाही, याचे मोठे श्रेय १९२० साली विश्वस्तांनी केलेल्या एका रुक्ष ठरावाला जाते. मृत्युपत्रातून आलेली आणि विशिष्ट कामासाठी बांधून न दिलेली प्रत्येक रक्कम चालू खर्चात न घालता कायम निधीत जमा करायची, असा तो ठराव. मुद्दल गुंतलेले राहील, खर्च त्याच्या उत्पन्नातून होईल. शंभर वर्षांत हा निधी एक अब्ज डॉलरच्या पुढे गेला आणि सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांच्या या महाविद्यालयाच्या वार्षिक खर्चाचा मोठा हिस्सा आज त्यातूनच भागतो. हे पैसे सगळे माजी विद्यार्थ्यांचे नव्हेत; बाहेरच्या हितचिंतकांचाही त्यात मोठा वाटा आहे. मात्र पैसे कोणाचेही असोत, ठराव नसता तर ते त्या त्या वर्षीच संपले असते.

आपल्याकडे माजी विद्यार्थ्यांच्या देणगीची बातमी होते ती आकड्यामुळे. नंदन निलेकणी १९७३ मध्ये पवईच्या आयआयटीत दाखल झाले. त्याला पन्नास वर्षे झाली तेव्हा, २०२३ मध्ये, त्यांनी संस्थेला ३१५ कोटी रुपये दिले. आधीचे ८५ कोटी धरता एकूण ४०० कोटी. या औदार्याला तोड नाही, पण सांगली, लातूर किंवा अमरावतीच्या महाविद्यालयाने त्यातून कोणता धडा घ्यायचा? त्यांच्या माजी विद्यार्थ्यांत शिक्षक आहेत, बँक कर्मचारी आहेत, डॉक्टर, वकील, बागायतदार आहेत. अब्जाधीश बहुधा नाहीत. माझे म्हणणे असे, की कायम निधी उभा राहतो तो देणगीच्या आकारापेक्षा तिच्या अटीमुळे आणि सातत्यामुळे. या दोन्ही गोष्टी मध्यमवर्गीय माजी विद्यार्थ्यांच्या आवाक्यातल्या आहेत. पवईच्या आकड्याने दिपून जाऊन त्या बाजूला पडतात.

मेळावा भरला, की सभागृह, प्रवेशद्वार, संगणक कक्ष, निदान पाण्याचा कूलर देण्याची घोषणा होते आणि संगमरवरी फलक लागतो. देणाऱ्याला डोळ्यांना दिसणारे काही हवे असते, यात गैर काही नाही. पण प्रत्येक नवी इमारत संस्थेच्या डोक्यावर रंग, वीज, सफाई आणि दुरुस्तीचा कायमचा खर्च ठेवून जाते. अनुदानित महाविद्यालयांत मान्य पदांचे पगार सरकार देते. खरी ओढाताण असते ती वेतनेतर खर्चाची, तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांची आणि वसतिगृहाची. निवासी संस्थेत तर विद्यार्थी तीन त्रिकाळ जेवणारा असतो. मेसचे बिल फलकावर कोरता येत नाही, म्हणून त्याला दाता मिळत नाही. बांधून न दिलेली रक्कमच तेथे कामी येते.

सातत्य आणि धीर यांचे फळ काय असते, याचा दाखला आयोवा राज्यातल्या ग्रिनेल या छोट्या निवासी महाविद्यालयात मिळतो. तेथील माजी विद्यार्थी जोसेफ रोझेनफिल्ड १९४१ मध्ये विश्वस्त झाले आणि पुढे कित्येक दशके त्यांनी निधीच्या गुंतवणुकीत लक्ष घातले, स्वतःचे पैसेही घातले. वॉरन बफे यांनाही त्यांनी विश्वस्त मंडळावर आणले. १९६८ मध्ये रॉबर्ट नॉइस नवी कंपनी काढत होते. हे नॉइस ग्रिनेलचेच. विद्यार्थिदशेत मेजवानीसाठी डुक्कर चोरल्याबद्दल महाविद्यालयाने त्यांना एका सत्रापुरते घालवून दिले होते. तरीही महाविद्यालय आणि दोन विश्वस्त यांनी मिळून तीन लाख डॉलर त्या कंपनीत गुंतवले. कंपनीचे नाव इंटेल. आज जेमतेम पावणेदोन हजार विद्यार्थ्यांच्या ग्रिनेलचा निधी दोन अब्ज डॉलरच्या वर आहे. हे नशीब, असे कोणी म्हणेल, आणि इंटेलपुरते ते खरेही आहे. पण नशीब फळण्यासाठी मुद्दल शिल्लक असावे लागते आणि मिळालेला नफा त्याच वर्षी उडवून टाकायचा नसतो. अशा बहुतेक संस्था निधीच्या मागील काही वर्षांच्या सरासरी किमतीच्या साधारण ४ ते ५ टक्केच दरवर्षी काढतात. त्यामुळे बाजार कोसळला तरी शिष्यवृत्त्या एकदम थांबत नाहीत.

आपल्याकडे हे जसेच्या तसे होणार नाही, हा आक्षेप मात्र गंभीर आहे. प्राप्तिकर कायद्याची सवलत हवी असलेल्या विश्वस्त संस्थेला साधारणपणे उत्पन्नाच्या ८५ टक्के रक्कम खर्च करावी लागते आणि गुंतवणूक ठरवून दिलेल्या प्रकारांतच करावी लागते; कंपन्यांचे शेअर थेट घेण्याला फारसा वाव नाही. परिणाम गणिताने दिसतो. एक कोटीची मुदत ठेव ७ टक्क्यांनी ठेवली, तर सात लाख व्याजापैकी जेमतेम एक लाख पाच हजार मुद्दलात मिळवता येतात. महागाई ५ टक्के धरली, तर वीस वर्षांनी त्या कोटीची खरी किंमत निम्म्याहून कमी उरते. नाव कायम निधी आणि वागणे बर्फाच्या लादीचे! तरीही मार्ग बंद नाही. म्युच्युअल फंडांची युनिट्स मान्य प्रकारांत मोडतात. निधीचा एक भाग तेथे ठेवणे विश्वस्तांना जमण्याजोगे आहे. शिवाय मुद्दल टिकवण्यापुरते उत्पन्न पुन्हा गुंतवण्याची मुभा शैक्षणिक संस्थांना मिळावी, अशी मागणी माजी विद्यार्थी संघांनी एकत्र येऊन करायला हवी. करसवलतीचा गैरवापर रोखण्यासाठी केलेला नियम प्रामाणिक संस्थेचे भांडवल खाऊ लागला, तर तो दुरुस्त करणे सरकारचेच काम आहे.

दुसरा आक्षेप नैतिक आहे. आजची मुले अर्धपोटी असताना उद्याच्या मुलांसाठी पैसे का राखायचे? येल विद्यापीठातील अर्थतज्ज्ञ जेम्स टोबिन यांनी १९७४ मध्ये याची तर्कशुद्ध मांडणी केली: विश्वस्तांनी सर्व पिढ्यांशी सारखे वागावे, म्हणजे आजच्या खर्चाने उद्याच्या विद्यार्थ्याचा वाटा घटू नये. यात आजच्या मुलांवर अन्याय नाही, कारण उत्पन्नावर हक्क त्यांचाच असतो. निधी साठवणे हाच उद्देश होऊन बसण्याचा धोका अर्थातच आहे. श्रीमंत विद्यापीठांच्या निधीच्या उत्पन्नावर अमेरिकेने २०१७ मध्ये १.४ टक्के कर बसवला आणि २०२५ च्या कायद्याने तो काहींसाठी ८ टक्क्यांपर्यंत नेला, त्यामागच्या कारणांपैकी अशा साठवणुकीबद्दलची नाराजीही एक. आपल्या महाविद्यालयांना ती चिंता करण्याचे दिवस अजून आलेले नाहीत. निधी उभा राहिला की सरकार अंग काढून घेईल, ही भीती अधिक खरी वाटते. तिच्यावर उपाय म्हणून कायम निधीचा पैसा मान्य पदांच्या पगाराला कधीही वापरायचा नाही, असे आधीच लिहून ठेवावे.

सर्वांत मोठा अडसर विश्वासाचा आहे आणि त्याबद्दल स्पष्ट बोलले जात नाही. अनेक संस्था एका घराण्याच्या हाती गेल्या आहेत. कायम निधीत टाकलेले पैसे निवडणुकीच्या वर्षी कुठे जातील, याची शंका माजी विद्यार्थ्याला येते. इमारत निदान पळवून नेता येत नाही, असा त्याचा हिशेब असतो, आणि तो चुकीचा म्हणवत नाही. म्हणून निधी वेगळ्या विश्वस्त मंडळाकडे असावा, त्यात माजी विद्यार्थ्यांनी निवडलेले सदस्य असावेत आणि लेखापरीक्षित हिशेब दरवर्षी देणगीदाराच्या हाती पडावा. संस्थाचालकांना हे अपमानास्पद वाटत असेल, तर देणगी मागू नये.

महाराष्ट्राला सातत्याने देण्याची रीत परकी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांची वसतिगृहे मुष्टिफंडावर, म्हणजे घराघरांतून निघणाऱ्या मूठभर धान्यावर चालली आणि १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघाले ते मोफत आणि निवासी. देणे लहान पण नेमाचे होते. मुद्दल साठावे इतकी सवड मात्र त्या काळाने दिली नाही. आज ती आहे. एका तुकडीतल्या दोनशे जणांनी महिना एक हजार रुपये दिले, तर वर्षाला २४ लाख होतात आणि दहा वर्षांत, कोणतीही वाढ न धरता, २ कोटी ४० लाख. त्याच्या ४ टक्क्यांत, मेसचे महिना तीन हजार धरले तर, दरवर्षी ३२ विद्यार्थ्यांचे दहा महिन्यांचे जेवण निघते. पुढच्या मेळाव्यात देणगीचा आकडा जाहीर करण्याआधी मुद्दलाबाबतचा ठराव मंजूर करून घ्यावा आणि तो मोडायचा झाल्यास किती माजी विद्यार्थ्यांची संमती लागेल, हेही त्यातच लिहावे.