विश्लेषण : परळच्या रुग्णालयांना पावलाचा सर्जन-शिक्षक का हवा?

लालबागच्या राजाच्या नवसाच्या रांगेत अनवाणी उभ्या राहणाऱ्यांत मधुमेहाचे रुग्णही असतात. तळव्याची संवेदना गेली असेल, तर पायाला आलेला फोड कळतही नाही. जखम चिघळली की सर्वसामान्य माणूस महापालिकेच्या रुग्णालयाची वाट धरतो. तिथे त्याला पाहणारा डॉक्टर पाऊल वाचवण्यात किती तयार आहे, यावर त्याचे चालणे आणि अनेकदा रोजीरोटीही अवलंबून असते.

पावलासाठी वेगळा सर्जन कशाला?
एका पावलात २६ हाडे आणि ३३ सांधे असतात. मधुमेही पावलात नसा, रक्तपुरवठा, जंतुसंसर्ग आणि हाडांची ठेवण हे प्रश्न एकत्र येतात. नुसती जखम साफ करून भागत नाही, तिच्यावर पडणारा दाबही कमी करावा लागतो. त्यासाठी कधी शस्त्रक्रिया लागते, कधी प्लास्टर, तर कधी योग्य चप्पल पुरते.

ही वाट किती लांब?
इंटर्नशिपसह एमबीबीएसची साडेपाच वर्षे, मग अस्थिरोगशास्त्रात एमएसची तीन. वर्षभर सीनियर रेसिडेंट राहिल्यावर सहायक प्राध्यापक होता येते. तिथून सहयोगी प्राध्यापक व्हायला किमान चार वर्षे, प्राध्यापक व्हायला आणखी तीन. शिवाय शोधनिबंध हवेत. पावलाचे खास प्रशिक्षण बहुधा फेलोशिपमधून मिळते, ती वर्षे वेगळी.

शिकवण्याने रुग्णाला काय मिळते?
अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात डॉ. इग्नासिओ पोन्सेटी यांनी क्लबफूट, म्हणजे जन्मतः वाकडे असलेले पाऊल, मोठ्या शस्त्रक्रियेविना सरळ करण्याची पद्धत बसवली. दर आठवड्याला प्लास्टर, गरज पडल्यास टाचेच्या शिरेला छोटा छेद आणि पुढे काही वर्षे रात्री ब्रेस. १९६३ मध्ये निष्कर्ष छापूनही जगाने ती स्वीकारायला तीसेक वर्षे लावली. पोन्सेटींनी जुन्या रुग्णांचा माग ठेवला होता, म्हणून पुरावा हाती होता. आपल्याकडे जयपूरच्या सवाई मानसिंग वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. प्रमोद करण सेठी यांनी कारागीर रामचंद्र शर्मा यांच्यासोबत अनवाणी चालणाऱ्या, उकिडवे बसणाऱ्या माणसांसाठी 'जयपूर फूट' घडवला. सेठी यांना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

अडते कुठे?
गुडघा किंवा खुबा बदलणाऱ्या सर्जनला खासगीत पैसा आणि नाव लवकर मिळते. प्लास्टर बदलत राहणे हे वेळखाऊ काम. त्यातून क्लिनिक एकाच डॉक्टरच्या आवडीवर चालत असेल, तर तो गेला की तेही बंद पडते. साध्या फ्रॅक्चरचीच गर्दी आवरत नसताना हे चोचले कशाला, असे कोणी म्हणेल. पण वेळेवर न वाचवलेले पाऊल पुन्हा त्याच वॉर्डात येते, तेव्हा खर्च वाढलेला असतो.

मग करायचे काय?
मंजूर पद, आठवड्यातला ठरलेला ओपीडीचा दिवस, चप्पल-बूट बनवणारा तंत्रज्ञ आणि रुग्णांची कायमस्वरूपी नोंद. यासाठी नवी इमारत लागत नाही. केईएमचे सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालय १९२६ मध्ये सुरू झाले, ते भारतीय डॉक्टरच शिकवतील या अटीवर. शेजारी १९२९ पासूनचे वाडिया बालरुग्णालय आहे. तान्ह्या मुलाच्या क्लबफूटपासून आजोबांच्या मधुमेही जखमेपर्यंतचे शिक्षण एकाच परिसरात होऊ शकते. ते देणाऱ्या सर्जनने परळमध्येच टिकावे, ही जबाबदारी महापालिकेची.