घड्यांची आकृती आता पुसावी

शाळेतल्या जीवशास्त्रात तंतुकणिकेची आकृती ठरलेली आहे. लांबट कोष, त्यात रुंद तोंडाच्या घड्या घालत गेलेले आतले पटल. ती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखवली, मग बदलायची कशाला, असे म्हणणारे भेटतात. पण सूक्ष्मदर्शकाने दाखवले होते ते काप. घड्या माणसांनी जुळवल्या.

१९५३च्या सुमारास जॉर्ज पलाडे यांनी क्रिस्टी म्हणजे आतल्या पटलाच्या घड्या, असे मांडले. फ्रिट्यॉफ श्योस्ट्रांड यांना त्याच पेशीअंगकात पटलापासून सुट्या भिंती दिसल्या. दोघेही निष्णात, तरी भांडण जुंपले. अळुवडीची एकच चकती पाहणाऱ्याला ती कड्यांची वाटावी, पानाची गुंडाळी ध्यानातच येऊ नये, तसे हे झाले. काप साधारण ५० ते १०० नॅनोमीटर जाड आणि क्रिस्टीची मान, म्हणजे ती पटलाला जोडते ती जागा, जेमतेम २८च्या आसपास. सुरी नेमकी मानेतून गेली नाही, तर क्रिस्टी सुटीच दिसणार! नव्वदच्या दशकात कारमेन मॅनेला, गाय पर्किन्स आदींनी नमुना फिरवून अनेक कोनांतून चित्रे घेतली, त्यांतून त्रिमिती उभी केली, तेव्हा ती अरुंद मान स्पष्ट दिसली. पटल अखंड आहे, हे पलाडे यांचे म्हणणे खरे ठरले. रुंद तोंड मात्र गेले.

दुसऱ्या टोकाचे लोक म्हणतात, ऑस्मियमचे रसायन पाजून, वाळवून, राळेत पुरलेल्या पेशीत खरे काय उरणार? शंका रास्त आहे. आतला भाग आकसलेला की फुगलेला, हे तयारीवर अवलंबून असते. पण ते तंतुकणिकेच्या कामावरही अवलंबून असते, हे चार्ल्स हॅकनब्रॉक यांनी १९६६मध्येच दाखवले. शिवाय ऑस्मियमचा थेंबही न लागलेल्या, झटकन गोठवलेल्या नमुन्यांतही मान दिसतेच. मग ती रसायनाची करामत कशी?

‘मुलांना एवढ्या बारकाव्याचे काय?’ हा तिसरा आक्षेप मला सर्वांत आळशी वाटतो. पेशी मरणपंथाला लागली की या माना रुंदावतात आणि आत कोंडलेले सायटोक्रोम-सी हे प्रथिन मोकळे होते. तोंड आधीच सताड उघडे काढले, तर हे समजावणार कसे? शिवाय आकार कामाशी बांधलेला आहे: क्रिस्टीच्या कडेला एटीपी बनवणाऱ्या प्रथिनांच्या जोड्या रांगेने बसतात आणि पटल वाकवतात. यीस्टमध्ये या जोड्या जुळू दिल्या नाहीत, तर पटले एकात एक गुंडाळली जातात.

तेव्हा फळ्यावर क्रिस्टीचे तोंड बारीक काढा, काहींना दोन-तीन तोंडे ठेवा, आणि सूक्ष्मदर्शकातले चित्र दाखवाल तेव्हा शेजारी कापाची जाडी लिहा.