वाटेवरच्या माणसाचा अर्ज

परदेशच्या प्रवासास निघालेल्या मनुष्याने वाटेतील एखाद्या देशात मुक्काम असताना, तेथल्याच कॉन्सलच्या कचेरीत पुढच्या देशाच्या व्हिसाकरिता अर्ज करावा, यात अपराध तो कोणता, हे आम्हांस अद्यापि उमगलेले नाही. अमेरिकेच्या परराष्ट्रखात्यास मात्र ते उमगले आहे. २०२५ च्या सप्टेंबरच्या ६ तारखेस त्या खात्याने जाहीर केले की, तात्पुरत्या भेटीकरिता येऊ इच्छिणाराने आपली मुलाखत स्वतःच्या राष्ट्रीयत्वाच्या अथवा वास्तव्याच्या देशातच द्यावी. अन्यत्र अर्ज केल्यास व्हिसा मिळणे अधिक कठीण जाईल, आणि भरलेली फी परत मिळणार नाही की दुसऱ्या ठिकाणी वळतीही करून घेता येणार नाही. ही फी १८५ डॉलर आहे. हातमागाच्या काळापासून कापड विणून पोट भरणाऱ्या मुलखातील मनुष्यास हा आकडा किरकोळ वाटणार नाही.

याच सरकारच्या दिल्लीतील वकिलातीने २०२३ च्या फेब्रुवारीत हिंदी लोकांस काय सांगितले होते, याचे स्मरण येथे करून देणे अवश्य आहे. त्या वेळी आपल्याकडे पहिल्या मुलाखतीकरिता पाचशेहून अधिक दिवस तिष्ठत बसावे लागे. तेव्हा वकिलातीनेच सुचविले की, परदेशी जाणारच असाल तर जेथे जाल तेथे अर्ज करून पाहा. उदाहरणार्थ, बँकॉकच्या कचेरीने हिंदी प्रवाशांकरिता जागा मोकळ्या ठेविल्या आहेत. म्हणजे २०२३ साली जी सोय होती, तीच २०२५ साली पळवाट ठरली! या अडीच वर्षांत बँकॉकचे अधिकारी अडाणी झाले, की हिंदी प्रवासी लबाड झाले, याचा खुलासा जाहीरनाम्यात नाही.

नियमाच्या समर्थनार्थ आपल्यातीलच काही शहाणे पुढे सरसावले आहेत. ते म्हणतात, अर्जदाराची खरी परिस्थिती त्याच्या देशातील कचेरीसच कळते. कागद खरा की बनावट, हे तेथेच पारखता येते. या म्हणण्यात मुळीच तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. मुंबईच्या कचेरीत मराठी वाचणारे नोकर असतात. सातबाराचा उतारा त्यांस कळतो, बँकॉकच्या कारकुनास कळणार नाही. परंतु या युक्तिवादाची परीक्षा हातकणंगले तालुक्यातील कबनूरच्या वेशीवर करून पाहावी. इचलकरंजीस लागून असलेले हे यंत्रमागांचे गाव. येथल्या मागवाल्याने घरी किती माग चालतात, सूत उधारीवर किती उचलले आहे, थोरला मुलगा धंदा सांभाळतो की नाही, हे सारे मुंबईस वांद्रे-कुर्ला संकुलातील खिडकीपाशी उभे राहून सांगावयाचे, आणि ते ऐकणारा अधिकारी दोनतीन वर्षांकरिता बदलून आलेला अमेरिकन गृहस्थ! त्याने कबनूर पाहिलेले नाही, आणि पाहण्याचे त्यास कारणही नाही. मुलाखत बहुधा काही मिनिटांत आटोपते; बरोबर नेलेले कागदांचे बाड पुष्कळदा उघडलेही जात नाही. मग कबनूर जितके बँकॉकपासून दूर, तितकेच ते वांद्र्याच्या त्या खिडकीपासूनही दूर नव्हे काय? आणि कागद तपासावयाचाच असेल तर तो मुंबईस पाठवावा. अर्ज संगणकावर भरलेला असतो. तो एका कचेरीतून दुसरीत धाडावयास क्षणही लागत नाही. कागद हिंडावयाचा तेथे माणसास हिंडविण्याचे प्रयोजन काय?

समर्थकांस याहून अडचणीत टाकणारी गोष्ट त्या जाहीरनाम्यातच आहे. ज्या देशांत अमेरिकेचे व्हिसाचे नित्य काम चालत नाही, तेथल्या लोकांकरिता परक्या देशांतील कचेऱ्या नेमून दिल्या आहेत: इराण्याने दुबईस जावे, क्यूबाच्या मनुष्याने जॉर्जटाउनला, युक्रेनच्या नागरिकाने क्राकोव अथवा वॉर्सा येथे. म्हणजे दुबईत बसून इराण्याच्या मनातील हेतू ओळखता येतो. सिंगापुरात बसून कबनूरकराचा मात्र ओळखता येत नाही! तेव्हा हा ज्ञानाचा प्रश्न नव्हे, व्यवस्थेच्या सोयीचा आहे. आणि सोय केवळ एका बाजूची आहे.

मुळात १९५२ च्या अमेरिकन कायद्याने २१४ व्या कलमात असे गृहीत धरून ठेविले आहे की, भेटीस येणारा प्रत्येक जण कायमचा राहावयासच येत आहे. तसे नाही हे त्याने सिद्ध करावे. आरोप आधी आणि पुरावा आरोपीकडे, असा हा न्याय. पाहुण्यास दारात उभा करून “तू जाणार कधी?” असे विचारण्याची आपल्याकडे चाल नाही, पण ते राहू द्या. घर ज्याचे त्याने दार उघडावे, हे आम्हांस मान्य आहे. दाराशी आलेल्यास “आधी आपल्या गावी परत जा आणि तेथून हाक मार” असे सांगणे, यास मात्र आमची हरकत आहे.

ज्यांस ही तक्रार सुखवस्तू लोकांची चैन वाटते, त्यांनी पंडिता रमाबाईंचे उदाहरण आठवावे. १८८३ साली त्या इंग्लंडास गेल्या. त्याच वर्षी अमेरिकेस गेलेल्या आनंदीबाई जोशी यांना १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात पदवी मिळावयाची होती. त्या समारंभाचे निमंत्रण रमाबाईंस इंग्लंडात मिळाले आणि त्या तेथूनच आगबोटीत बसल्या. कोणी त्यांस असे म्हटले नाही की, बाई, आधी मुंबईस परत जा. तसे कोणी म्हणते, तर समारंभ केव्हाच आटोपला असता, आणि ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हा मराठीतील अपूर्व ग्रंथ आपणांस मिळाला नसता. त्या समारंभास म्हणून गेल्या आणि दोन वर्षांहून अधिक राहिल्या, हे खरे; आजच्या अधिकाऱ्याने त्यांच्या नावापुढे लाल खूण केली असती. परंतु त्या मुक्कामात अमेरिकेचे नुकसान काय झाले, हे एखाद्या विद्वानाने शोधून काढावे.

दूर कशास? इचलकरंजीचे अधिपती नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांनी १९१३ साली युरोपचा प्रवास केला; इंग्रज लोकांच्या स्वभावाविषयीचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९१४ साली लंडनच्या मॅकमिलनने छापले. त्या वेळी सामान्यतः युरोपात देशोदेशीच्या सीमांवर आजच्यासारखी कागदांची झडती होत नसे. पहिल्या महायुद्धाने ती आणली, १९२० च्या कायद्याने ती हिंदुस्थानात पक्की केली. तो कायदा २०२५ साली रद्द होऊन त्याच्या जागी नवा आला, पण झडती आहे तेथेच आहे. जहागिरदारास जे १९१३ साली सुलभ होते, ते त्याच्या शेजारच्या गावच्या मागवाल्याच्या पत्नीस आज दुर्लभ आहे. ती मुलाकडे सिंगापुरास गेली असता शिकागोची लेक अवेळी बाळंत झाली, अशी कल्पना करा. सिंगापुरात अमेरिकेची कचेरी आहे, विमान आहे, पैसाही आहे. तरी त्या आईने आधी मुंबईस यावे, मुलाखतीच्या तारखेची वाट पाहावी, आणि मग नातवाचे तोंड पाहावे. तोवर बारसे उरकलेले असते.

असा नियम अपरिहार्य आहे काय? युरोपातील शेंगेन संघाच्या २००९ च्या व्हिसासंहितेत सहावे कलम आहे. अर्ज राहत्या देशात करावा हा सामान्य नियम तेथेही आहे. परंतु जो परदेशात कायदेशीरपणे केवळ उपस्थित आहे, त्याने तेथेच अर्ज करण्याचे योग्य कारण दाखविल्यास त्याचा विचार करावा, असे त्याच कलमात पुढे म्हटले आहे. ब्रिटनच्या भेटीच्या व्हिसाचा अर्जही प्रवासी ज्या देशात असेल तेथून करता येतो. आणि आपले सरकार? २०१४ च्या नोव्हेंबरपासून ते परदेशी प्रवाशांस ई-व्हिसा देते. पात्र देशाच्या अर्जदाराने तो आपल्या गावी बसून मागितला की लिस्बनच्या उपाहारगृहात बसून, याची चौकशी करीत नाही. जी सवलत आपण परक्यांस देतो, ती आपल्या माणसांकरिता मागावयास आपले परराष्ट्रखाते का संकोचते?

आणि दोष केवळ खात्याचा नाही. आपल्याकडील प्रवासाच्या दलालांनी ‘बँकॉकला जाऊन काम करून आणा’ अशी भाषा रूढ करून एका साध्या हक्काच्या मागणीस युक्तीचे रूप आणले, आणि आपणही ती युक्ती म्हणूनच वापरली. युक्ती बंद झाली की मनुष्य दुसरी शोधतो. हक्क बंद झाला असता तर निदान एखादा प्रश्न लोकसभेत विचारला गेला असता. तो अजूनही विचारता येईल. अमेरिकेशी व्यापाराच्या वाटाघाटी होतील तेव्हा मालाच्या जकातीबरोबर माणसांच्या जाण्यायेण्याचा एक परिच्छेद मेजावर ठेवावा. त्याचा मसुदा नव्याने रचण्याचे श्रमही नकोत. शेंगेनच्या सहाव्या कलमातील दुसरे पोटकलम जसेच्या तसे उतरून घेतले तरी आमचे काम भागेल.